‘परत’ आणि ‘माघारीं’

“पुस्तक परत आण” ह्या वाक्याचा अर्थ काय? नेलेलें पुस्तक आणून पोंचवावें, कीं काल आणलेलें आजहि पुन्हां आणावें? दोन्ही अर्थ बरोबर आहेत, आणि म्हणूनच वाक्य सदोष आहे.

दोष जुना आहे. संस्कृतांतील ‘पुनर्’ ह्या अव्ययालाहि ‘मागें’ व ‘आणखी एकदां’ असे दोन्ही अर्थ आहेत. परंतु तेथें ‘प्रति’ हा उपसर्ग हाताशीं असल्यामुळें प्रतिदान, प्रत्यर्पण असे निःसंदिग्ध शब्द घडवितां येतात. मराठीची ही सोय पाहावयाची तर इंदापूर तालुक्यांतील कळंबसारख्या गांवीं जावें. तेथें चुकलेला बैल ‘माघारीं’ आणतात. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला माहेरीं आणतो आणि सण सरला कीं ती ‘माघारीं’ जाते. ह्या शब्दाला ‘पुन्हां’ हा अर्थ चिकटलेलाच नाहीं.

असें असतां एका मुलाच्या निबंधांतील ‘माघारीं’ खालीं तांबडी रेघ ओढून, वर ‘परत’ लिहिलेलें मीं पाहिलें आहे, शेरा ‘ग्राम्य’! त्या मुलाचा पुढला निबंध चार ओळींचा होता. घरीं आजी जें बोलते तें अशुद्ध, असें एकदां मनानें घेतलें म्हणजे मूल लिहिणार तें काय? शिवाय हा शब्द ग्राम्य कसा? त्याचा जुना भाऊबंद ‘माघौता’ ज्ञानेश्वरींत सन्मानानें बसलेला आहे.

नादाचेंहि पाहावें. ‘परत’ हा तिन्ही लघूंचा नगण. बोलतां बोलतां निसटतो. ‘माघारीं’ हा तिन्ही गुरूंचा मगण. बांधावरून घातलेली हांक ओढ्यापलीकडे ऐकूं जाते ती उगीच नव्हे.

‘मागें’ हा शब्द ‘मार्ग’—‘मग्ग’—‘माग’ ह्या वाटेनें आलेला आहे; ‘माघारीं’ त्याच घराण्यांतला मानावयास हरकत नसावी. ‘माग’ म्हणजे पाउलांची खूण. पेशवाईंत व त्यानंतरहि कांहीं काळ पुणें प्रांतीं गुरें चोरीस गेलीं कीं गांवचा रामोशी माग काढीत निघे. तो ज्या गांवच्या शिवेंत शिरे, त्या गांवानें तरी तो पुढें चालवून दाखवावा, नाहीं तर नुकसान भरून द्यावें, असा दंडक होता. माग सांपडला तर गाय त्याच वाटेनें माघारीं येई.