तिच्याच जूनच्या आकड्याशी

खेळाच्या तासाला गुण कशाचे द्यायचे, हे मी जूनमध्येच ठरवते. ‘खेलो इंडिया’च्या चाचण्यांत मोठ्या मुलांची ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणे-चालणे, जोर, बसून पुढे वाकणे, उंची-वजन यांची नोंद होते. या आकड्यांवरून मी पुढच्या तासिका आखते. सातवीतली बरीच मुलं वाकताना अडली, की जुलैत ताणाचे व्यायाम वाढतात. मैदानात चिखल असतोच, मग वऱ्हांड्यात सूर्यनमस्कार.

खो-खो मात्र घड्याळाने मोजता येत नाही. बसलेले आठ गडी आलटूनपालटून उलट दिशांना तोंड करून असतात, आणि धावणाऱ्या नवव्याला एकदा धरलेली दिशा मध्येच सोडता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणून खो नेमका केव्हा दिला, हे मी पाहते. सावकाश धावणारी एखादी मुलगी हा निर्णय अचूक घेते, तिला पूर्ण गुण मिळायलाच हवेत!

कुणाचंही वजन मी वर्गासमोर वाचत नाही. दिवाळीनंतर पुन्हा चाचणी घेते आणि प्रत्येकीचा आकडा तिच्याच जूनच्या आकड्याशेजारी लिहिते.