पेट्रोल पंपावरचा निरोप

झाक देमी यांच्या ‘शेरबूरच्या छत्र्या’ (१९६४) या फ्रेंच चित्रपटात साधी चौकशीसुद्धा मिशेल लग्रां यांच्या संगीतात गाऊनच होते. आपल्या संगीत नाटकात पात्रांना मधून गद्याची सवड असते, इथे तीही नाही.

कथा जुनीच. गी हा गॅरेजात काम करणारा तरुण, झनव्हिएव्ह छत्र्यांच्या दुकानातली मुलगी. तो अल्जीरियाच्या युद्धावर जातो, पत्रे विरळ होतात, ती गरोदर. आईच्या सल्ल्याने ती एका सज्जन जवाहिऱ्याशी लग्न करते. खलनायक कोणीच नाही. राग धरायला माणूस मिळाला असता तर प्रेक्षकाचे मन हलके झाले असते.

शेवट १९६३ च्या डिसेंबरातला. बर्फ पडतो आहे, आणि गीच्या पेट्रोल पंपावर तिची गाडी येते. आत त्यांची मुलगी फ्राँस्वाझ. नाव दोघांनी पूर्वीच ठरवलेले. गीच्या मुलाचे नाव फ्राँस्वा. पंपावरचा पोरगा विचारतो, पेट्रोल भारी की साधे? बोलणे असले किरकोळ, पण वाद्यवृंदात चाल मात्र स्टेशनवरच्या निरोपाची. पात्रे जे बोलत नाहीत ते संगीत विसरत नाही.

मुलीला भेटण्याचे गी नाकारतो. देवदास पारोच्या दाराशी मरतो, तेव्हा आपण रडून मोकळे होतो. गी मरत नाही, झुरतही नाही. तो खरोखर सुखात आहे, म्हणून रडावे कशासाठी हेच कळत नाही. गाडी निघून जाते. बायको मादलेन मुलाला घेऊन परतते आणि गी त्याच्याशी बर्फात खेळू लागतो.