मार्च एंडचा फोन

हप्ता थकलेल्या माणसाची एक ठाम समजूत असते, की फोन करणारा त्याच्यावर चिडलेला आहे. ठाण्यातल्या ज्या वसुलीच्या हॉलमध्ये माझी नोकरी झाली, तिथे चिडायला कुणाला फुरसत नव्हती. हेडफोन लावून बसलेली विशी-पंचविशीतली पोरं, समोर स्क्रीन आणि स्क्रीनवर बकेट. हप्ता चुकल्यापासून 30 दिवसांपर्यंत पहिली बकेट, 60 पर्यंत दुसरी, 90 पर्यंत तिसरी. 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं आणि बँकेला त्यासाठी स्वतःच्या नफ्यातून तरतूद करावी लागते. 85 व्या दिवशी फोनचा जो भडिमार होतो, तो या एका तारखेपायी. त्याच पोराला तुम्ही 40 व्या दिवशी फोन केलात तर तो जेवणाची चौकशीसुद्धा करेल.

यातली एक गोष्ट बाहेर कुणी सांगत नाही. 90 च्या आत एक हप्ता भरला तरी खातं आहे त्या बकेटमध्ये थांबतं. एकदा एनपीए झालं की एकदोन हप्त्यांनी भागत नाही. सगळी थकबाकी चुकती केल्याशिवाय ते पुन्हा नियमित होत नाही. तेव्हा उसनवारी करून एखादा हप्ता जमवायचाच असेल, तर तो तिसऱ्या महिन्याच्या आत.

प्रत्येक फोननंतर पोरं सिस्टिममध्ये एक ओळ टाकतात. तिला ट्रेल म्हणतात. 'आरएनआर' म्हणजे रिंग वाजली, उचलला नाही. 'पीटीपी' म्हणजे अमुक तारखेला भरतो म्हणाला. डोंबिवलीच्या एका प्रिंटिंग प्रेसवाल्यांचा ट्रेल आम्ही नवीन पोरांना दाखवायचो. धंदा बसला होता, हप्ता अर्धासुद्धा निघत नव्हता. पण दर महिन्याच्या 5 तारखेला हे गृहस्थ स्वतःच फोन करायचे, "या महिन्यात चार हजार जमतील, लिहून घ्या." घरी माणूस पाठवायची यादी निघाली की टीम लीडर त्यांचं नाव स्वतःच काढायचा. "त्यांच्याकडे कशाला? ते करतात फोन." पुढे हप्ता कमी करून मुदत वाढवायचा प्रस्ताव गेला, तेव्हा वरच्या साहेबांनी ताळेबंद मागितला नाही. तो ट्रेल वाचला आणि सही केली.

उलट बाजूचा किस्सा आमच्याच हॉलमधला. आमच्या वसुली एजन्सीकडे एकावेळी चार-पाच बँकांचं काम असायचं. कामाच्या वेळी सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या लॉकरमध्ये. एका ओळीतला पोरगा दुसऱ्या ओळीतल्या नंबरला महिनाभर 'आरएनआर' टाकत होता. एक दिवस त्यानं पत्ता नीट वाचला आणि हेडफोन काढून मागे वळला. ज्याला तो फोन लावत होता तो त्याच्या पाठीमागे बसून दुसऱ्या कुणाला तरी "सर, आज तरी काहीतरी भरा" म्हणून विनवत होता. मोटरसायकलचं कर्ज होतं. फोन बिचारा रोज लॉकरमध्ये वाजत होता. हॉल हसला खरा, पण त्या दिवशी टार्गेटबद्दल कुणी बोललं नाही. या धंद्यात फोनच्या दोन्ही टोकांना हप्तेच असतात.

क्रेडिट कार्डवाल्यांची जात वेगळी. पूर्ण बिल न भरता नुसतं 'मिनिमम ड्यू' भरणाऱ्याला धंद्यात 'रिव्हॉल्व्हर' म्हणतात, आणि तो सगळ्यांचा लाडका. त्याला वाटतं, मी कधी एक हप्ता चुकवला नाही. खरंच चुकवलेला नसतो. 1 लाख थकलेत, महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे 3,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 630. त्यानं 5,000 भरले, त्यातले 4,130 असेच गेले आणि मुद्दल 870 रुपयांनी हललं. वर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ती पहिल्या दिवसापासून व्याजात. हे गणित फोनवर कुणी विचारलं तर पोरं सांगायची. आपणहून सांगायची पद्धत नव्हती.

आणि मार्च. मार्चमध्ये हॉलमध्ये एक घंटा टांगलेली असायची. सेटलमेंट झाली की वाजवायची. एकदा 1 लाख 80 हजारांच्या कार्डावर 65 हजारांत सुटका मिळालेल्या एका ताई फोनवर रडल्या. लॉकडाउनमध्ये नवऱ्याचं दुकान गेलेलं. "दादा, तुमचे उपकार कसे फेडू?" दादांनी घंटा वाजवली. सेटलमेंटच्या इंग्रजी पत्रात खाली एक वाक्य होतं, की हे खातं 'सेटल्ड' म्हणून नोंदवलं जाईल. त्याचा अर्थ त्यांना कुणी समजावला नाही. खोटं कुणी बोललं नव्हतं. आमच्या स्क्रिप्टमध्ये ते वाक्यच नव्हतं, आणि ते मुद्दामच वगळलं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

काही वर्षांनी गृहकर्जाचा अर्ज नाकारला गेला, तेव्हा त्या तेच पत्र घेऊन आल्या. 300 ते 900 च्या क्रेडिट स्कोअरचं लोक फार बोलतात, पण कर्ज देणारा अधिकारी आधी खात्यांची यादी बघतो. तिथे 'सेटल्ड' दिसलं, की या बाईंमुळे एका बँकेला पैसे सोडावे लागले एवढंच त्याला कळतं. पतमाहिती कंपन्या ही नोंद निदान 7 वर्षं ठेवतात. ताईंनी हिंमत केली. सोडलेले 1 लाख 15 हजार तुकड्यातुकड्यांनी भरायची लेखी तयारी दाखवली, बँकेनं ती मान्य केली, शेवटी ना-देय प्रमाणपत्र दिलं आणि नोंद 'क्लोज्ड' झाली. असं करता येतं. फक्त विचारावं लागतं. मग त्यांनी मुदत ठेवीवर मिळणारं छोट्या मर्यादेचं कार्ड घेतलं. त्यावर घरचा गॅस आणि विजेचं बिल, दर महिन्याला सगळंच्या सगळं भरलेलं. बाकी काही नाही.

सेटलमेंट वाईटच, असं मी म्हणणार नाही. हातात खरोखर काही उरलं नसेल तर जरूर करावी. पण सहा महिन्यांत पैसे येणार असतील तर सूट मागू नका, मुदत मागा. दंड माफ करून पूर्ण रकमेचे हप्ते पाडून द्या म्हणा. मार्चमध्ये हेही मिळतं, पण त्यासाठी घंटा वाजत नाही.

फेडलेलं कर्जसुद्धा कसं छळतं पाहा. एक निवृत्त गृहस्थ पाकिटात कार्डाचे दोन तुकडे घेऊन आले होते. कार्ड कापलं म्हणजे बंद झालं, अशी त्यांची खात्री. खातं चालूच होतं. 499 रुपयांची वार्षिक फी लागली, त्यावर उशिराचे आकार, आणि पतअहवालात माणूस थकबाकीदार. मुलाच्या शैक्षणिक कर्जाला ते सहअर्जदार होते, ते अडलं. बंद करण्याचा लेखी अर्ज आणि बँकेचं उत्तर, एवढे दोन कागद असते तर हे झालं नसतं. आता निदान नियम आहे: चुकीच्या नोंदीची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम. पोरांना तो पाठ असतो, तुम्हालाही असू द्या.

देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. शेवटचा हप्ता भरल्यावर महिना-दोन महिन्यांनी तो काढा आणि खात्यासमोर 'क्लोज्ड' लिहिलंय की 'सेटल्ड', तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.