परसदाराची किल्ली
बंद पडलेल्या सर्व्हरशी दूरवरून संवाद

सातबाराचे उतारे, विविध दाखले, वेतनदेयके ही कामे आज ज्या सर्व्हरवर चालतात, त्यांचे दर्शन ती कामे करणाऱ्यांना सहसा घडत नाही. दूरच्या डेटा सेंटरमध्ये ही यंत्रे रांगेने उभी असतात. मध्यरात्री त्यांतील एखादे निपचित पडले, तर ते सुरू कसे करावयाचे, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

घराचा पुढचा दरवाजा आतून अडकला, तर परसदाराने आत शिरता येते. सर्व्हरलाही असे परसदार असते. त्याच्या मुख्य फलकावर एक लहानसा स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. त्यास ‘बीएमसी’ म्हणतात. मुख्य यंत्र बंद असले, तरी वीजजोडणी असेपर्यंत तो जागा असतो. तापमान, पंख्यांची गती व बिघाडांची नोंद तो ठेवतो आणि आज्ञा मिळताच यंत्र चालू वा बंद करतो. त्याच्याशी बोलण्याची ‘आयपीएमआय’ ही समाईक पद्धती इंटेल, डेल, एचपी व एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली पुढे आणली. २०१५ मध्ये तिच्या जोडीला ‘रेडफिश’ हे अधिक सुरक्षित मानक आले.

आज्ञांची लिखित मालिका

यंत्रे शेकड्यांनी असली, की प्रत्येकास हाताने आज्ञा देणे अशक्य होते. म्हणून आज्ञांची मालिका, म्हणजेच स्क्रिप्ट, लिहून ठेवण्यात येते. ती यादीतील एकेका यंत्राची स्थिती विचारते, उत्तर नोंदविते आणि बंद असलेले यंत्र सुरू करते. येथे क्रम महत्त्वाचा असतो. आधी माहितीसाठ्याची यंत्रे, मग त्यांवर विसंबणारी. आणि विजेचा भार एकदम वाढू नये म्हणून दोहोंमध्ये काही क्षणांचा अवकाश. मात्र स्क्रिप्टमधील एक चूकही शेकडो यंत्रांपर्यंत पोहोचते. यासाठी ती प्रथम एकाच यंत्रावर तपासून पाहणे इष्ट ठरते.

एक धडा

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा जगभर सुमारे सहा तास ठप्प झाल्या. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तुटले. अशी आज्ञा रोखण्यासाठी असलेल्या तपासणी-साधनातही दोष निघाला. नेमक्या त्याच वेळी परसदाराचे जाळेही उपयोगी पडले नाही. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये धाडावे लागले. जोडणी परत आल्यावरही विजेचा भार अचानक वाढू नये म्हणून सेवा टप्प्याटप्प्याने सुरू करण्यात आल्या.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मागची वाट पुढच्या वाटेवर अवलंबून असता कामा नये. आणि ती खरोखर उघडते की नाही, हे संकट येण्यापूर्वीच वेळोवेळी पाहिले पाहिजे.

याबरोबरच ही वाट चोरालाही उपयोगी पडू शकते, याचे भान राखावयास हवे. बीएमसी हाती लागणे म्हणजे संपूर्ण यंत्र हाती लागणे होय. म्हणून तो खुल्या इंटरनेटवर न ठेवता वेगळ्या जाळ्यात ठेवावा, कारखान्यातून आलेला संकेतशब्द तात्काळ बदलावा आणि नवा संकेतशब्द स्क्रिप्टमध्ये उघडा लिहू नये.

कार्यालयाची किल्ली कोणाकडे आहे, याची नोंद प्रत्येक कार्यालय ठेवते. या अदृश्य परसदाराच्या किल्लीचीही तशीच नोंद असणे अगत्याचे आहे.