लहान मुलाचे मोठे ऑपरेशन : घरची तयारी

परवा दवाखाना आवरत असताना एक ओळखीचे कुटुंब आले. चार वर्षांची मुलगी, तिचे आईवडील आणि आजी. मुलीच्या हृदयाला छिद्र आहे. शहरातल्या रुग्णालयात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, सगळी सोय झाली होती. पण ऑपरेशन न होताच मंडळी परतली. कारण विचारले तर कोणी बोलेना. शेवटी आजीच डोळे पुसत म्हणाल्या, "डॉक्टर, पोर पहाटे भुकेनं रडत होती हो. मीच दोन बिस्किटं दिली."

आधी आजार समजून घेऊ. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये पडदा असतो. जन्मतः त्याला छिद्र राहिले, की डावीकडचे शुद्ध रक्त उजवीकडे जाते आणि फुप्फुसांवर ताण येतो. मूल लवकर दमते, वजन वाढत नाही, वरचेवर न्यूमोनिया होतो. लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठे छिद्र ठिगळ लावून बंद करावे लागते. त्या वेळात हृदय व फुप्फुसांचे काम यंत्र करते.

आता त्या बिस्किटांविषयी. भूल दिल्यावर खोकल्याची, ठसक्याची शक्ती राहत नाही. पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. म्हणून साधारणपणे जेवण व वरचे दूध 6 तास आधी, आईचे दूध 4 तास आधी आणि साधे पाणी 2 तास आधी बंद करतात. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच अंतिम समजावी. मी आजींना म्हटले, "चूक झाली खरी, पण तुम्ही वेळेवर सांगितलंत, म्हणून नात वाचली."

सर्दी, खोकला, ताप यांचेही तसेच आहे. तारीख हुकेल या भीतीने पालक ते लपवतात. सर्दी झालेल्या मुलाच्या श्वासनलिका चिडलेल्या असतात. काही आठवडे थांबणे परवडते, लपवणे परवडत नाही. चालू असलेली सर्व औषधे, मग ती आयुर्वेदिक असोत की घरगुती काढे, डॉक्टरांना दाखवा. हृदयाची औषधे मनाने बंद करू नका. किडलेले दात आधीच दाखवून घ्या. त्यातले जंतू रक्तावाटे हृदयात जाऊन बसू शकतात. रक्त कमी असल्यास वेळीच उपचार घ्या.

खर्चाची चिंता मोठी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाडीत व शाळेत मुले तपासतात आणि असा दोष आढळल्यास पुढील उपचारासाठी पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करावी. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतो. रेशनकार्ड, आधारकार्ड, मुलाचा जन्मदाखला आणि सर्व जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा.

एक तयारी मात्र बहुतेक घरी राहून जाते, ती मुलाची. "दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील" असा धाक आपण एरवी घालतो. मग ऑपरेशन म्हणजे शिक्षाच, असे मुलाला वाटते. चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सोप्या शब्दांत खरे सांगावे. तुझे काही चुकलेले नाही. तुला झोपेचे औषध देतील, दुरुस्ती होताना काही कळणार नाही. जागी झालीस की अंगाला नळ्या असतील, आई लगेच जवळ नसली तरी बाहेरच असेल. आवडती बाहुली किंवा गोधडी नेता येईल का, ते तिथल्या सिस्टरांना विचारावे.

बोलणे चालू असतानाच मुलीने मला विचारले, "दुखेल का?" वडील घाईने म्हणाले, "छे, अजिबात नाही!" मी म्हटले, "थोडं दुखेल बाळ. पण दुखू लागलं की सांगायचं, मग औषध देतात." ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग मान डोलावली.

पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. आजी म्हणत होत्या, "या वेळी मी घरीच राहते." मी म्हटले, "तुम्ही जायलाच हवं. खरं सांगणारं माणूस सोबत असलेलं बरं."