पंचवटी : नदीकाठच्या उपनगराचे स्वरूप व विकास

मूळ नगराची वाढ सामावून घेण्यासाठी त्याच्या सीमेवर वसते ते उपनगर, ही सर्वसाधारण व्याख्या नाशिकच्या पंचवटीस पूर्णतः लागू पडत नाही. जुने नाशिक गोदावरीच्या उजव्या तीरावर, तर पंचवटी डाव्या तीरावर आहे. मधल्या पात्राचा उपयोग दोन्ही तीर सामाईक अंगणासारखा करीत आले. या वस्तीचे वैशिष्ट्य या अंगणाच्या पाळीपाळीने होणाऱ्या उपयोगात शोधावे लागते.

रामकथेशी निगडित तीर्थ म्हणून पंचवटीची ख्याती प्राचीन असली, तरी तिच्या आजच्या जुन्या भागास रूप आले ते मुख्यतः पेशवाईत. नारोशंकराचे देवालय 1747 सालचे. काळारामाचे देवालय सरदार ओढेकरांनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात बांधविले. त्यांच्या आश्रयाने वाडे व धर्मशाळा उभ्या राहिल्या. यजमानांच्या पिढ्यांची नोंद वह्यांतून राखणारे तीर्थोपाध्याय, पूजासाहित्य विकणारे दुकानदार, यात्रेकरूंना उतारा देणारी घरे, या सर्वांचा चरितार्थ येणाऱ्या-जाणाऱ्यांवर अवलंबून राहिला. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात वैष्णव आखाड्यांचे स्नान रामकुंडावर होते आणि तपोवनात साधूंचे तात्पुरते नगर वसते. एरवी बुधवारी गंगाघाटावर आठवड्याचा बाजार भरतो. पावसाळ्यात पूर आला म्हणजे तीच जागा नदी परत घेते.

सामाईक म्हणविणारी ही भूमी सर्वांची मात्र नव्हती. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, तरी त्या लढ्यात द्वार उघडले नाही. यात्रेकरूंच्या स्वागतावर जगणाऱ्या वस्तीतच अस्पृश्य मानलेल्या समाजास देवालयाबाहेर ठेवले गेले, ही विसंगती पंचवटीच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात सातपूरची औद्योगिक वसाहत उजव्या तीरावर झाली. पंचवटी मात्र आग्रा रोड, दिंडोरी रोड व पेठ रोड यांच्या अनुरोधाने शेतजमिनींवर पसरली. दिंडोरी रोडवरील बाजार समितीमुळे तिला शेतमालाच्या व्यापाराचे नवे अंग लाभले. 1982 मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. अशा रीतीने यात्रेवर जगणाऱ्या जुन्या वस्तीभोवती यात्रेशी फारसा संबंध नसलेले मोठे निवासी क्षेत्र तयार झाले.

याच काळात नदीविषयीची दृष्टीही बदलली. 1965 मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणामुळे प्रवाह नियंत्रित झाला आणि काठ सुरक्षित वाटू लागला. परंतु भरत आलेल्या धरणास पाणी सोडावेच लागते, आणि धरणाखालील क्षेत्रात पडणारा पाऊस त्याच्या अधीन नसतो. 1969, 2008, 2016 व 2019 च्या पुरांनी हे दाखवून दिले. पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढले, यावरून पुराची पातळी सांगण्याची लोकरीत आजही आहे. 2008 च्या पुरानंतर निळ्या व लाल पूररेषा आखल्या गेल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोन रेषांमध्ये ते नियंत्रित, असा त्यांचा आशय आहे.

बाजाराची पाले उचलता येतात, साधूंचे तंबू निघतात. पक्की इमारत मात्र पुरासाठी बाजूला होत नाही. ज्या जागेवर कोणाचाही कायमचा ताबा नव्हता, तिच्याच आधारे पंचवटी टिकली. म्हणून पूररेषेचा प्रश्न केवळ बांधकाम-नियमांचा नाही. काठाचे सामाईकपण राखण्याचा तो प्रश्न आहे.