विमानातील सामान आणि बॅटरीची आग

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर हे गाव लागते. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती जुनी आहे. एकविसाव्या शतकात त्यास मोबाइल फोनच्या कारखान्यांमुळे दुसरी ओळख लाभली. २००६ ते २०१४ या काळात तेथे नोकियाचा कारखाना चालत असे. आज फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जोडले जातात. अशा प्रत्येक फोनच्या पोटात लिथियम-आयन बॅटरी असते. फोनबरोबर ती विमानातही चढते; म्हणून तिचा स्वभाव ओळखून असणे अगत्याचे आहे.

२३ सप्टेंबर २०१६ रोजी सिंगापूरहून चेन्नईस येणाऱ्या इंडिगोच्या विमानात प्रवाशांना धुराचा वास आला. डोक्यावरील सामानाच्या कप्प्यात ठेवलेला एक सॅमसंग फोन धुमसत होता. कर्मचाऱ्यांनी जवळच्या प्रवाशांना दुसरीकडे बसविले, अग्निशामक वापरला आणि मग तो फोन पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवून ठेवला. विमान चेन्नईस सुखरूप उतरले.

आग विझविल्यावरही फोन पाण्यात का बुडवावा लागला? बॅटरीची रचना पाहिली म्हणजे याचा उलगडा होतो. तिच्यात दोन विद्युदग्रे असून त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ सच्छिद्र पडदा असतो. सर्वत्र भरलेला द्रव ज्वालाग्राही असतो. बॅटरी चेंगरली, फार तापली किंवा तिच्या घडणीत दोष राहिला, तर पडदा फाटून दोन्ही अग्रे एकमेकांस भिडतात. तेथे उष्णता निर्माण होते. उष्णतेने रासायनिक क्रिया वेगावते आणि त्या क्रियेतून आणखी उष्णता बाहेर पडते. हे चक्र एकदा सुरू झाले म्हणजे आपोआप वाढत जाते. ज्वाला विझल्या तरी आतील उष्णता शिल्लक राहते व शेजारचा घट पेटू शकतो. म्हणून ज्वाला विझविण्याइतकेच बॅटरी थंड करणे महत्त्वाचे असते, आणि त्या कामी पाण्यासारखा सोपा उपाय नाही.

आता विमानाच्या पोटातील मालकक्षाचा विचार करू. तेथे हॅलॉन वायू सोडून आग दाबण्याची सोय असते. परंतु हा वायू ज्वाला दडपतो, तापलेली बॅटरी थंड करीत नाही. उड्डाण चालू असता तेथे कोणी पोचूही शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालास आग लागली आणि दोन्ही वैमानिक प्राणास मुकले. पुढे १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने बंदी घातली.

प्रवाशांसाठी असलेला नियमही याच विचारातून आला आहे. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक विमानतळावर जमा करावयाच्या सामानात ठेवता येत नाही. ती जवळच बाळगावी लागते. धोका नाहीसा होतो म्हणून नव्हे, तर तो वेळीच दिसावा म्हणून. साधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. हिशेब सोपा आहे: २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक असेल, तर त्या आकड्यास ३.७ व्होल्टने गुणून १,००० ने भागावे. उत्तर ७४ वॉट-तास येते.

सुट्या बॅटरीची टोके धातूच्या वस्तूंस लागू देऊ नयेत. फुगलेली बॅटरी प्रवासास नेऊ नये. फोन आसनाच्या फटीत पडल्यास आसन हलवू नये. फोन चेंगरण्याचा संभव असतो. अशा वेळी, तसेच फोन फार तापल्यास, कर्मचाऱ्यांस तत्काळ सांगावे. संकोचाने गमावलेला एक मिनिटही अशा प्रसंगी महाग पडतो. चेन्नईच्या त्या विमानात धुराचा वास वेळीच ओळखला गेला आणि मदतीचा हात फोनपर्यंत पोचू शकला. बॅटरी दृष्टीआड ठेवू नये, हाच त्या प्रसंगाचा बोध होय.